उजवीकडची चादर

आमच्या शाळेचा बँड उत्तम होता. हे मी बँडचा शिक्षक म्हणून सांगत नाही. दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं म्हणून सांगतो. मुलं सुरात वाजवायची, पावलाला पाऊल जुळवून चालायची, आणि सांगितलं तर गणवेशाची वरची बटणंही लावायची. दोष म्हणाल तर एकच होता, आणि तो इतका बारीक होता की कित्येक वर्षं माझ्याही लक्षात आला नाही. आमच्या बँडला उजवीकडे वळता येत नव्हतं.

यात माझी चूक नाही. नंतर सगळ्यांनी एकमुखानं ती माझीच ठरवली, पण बहुमतानं सत्य ठरत नसतं. चूक मैदानाची होती. आमच्या शाळेच्या मैदानाच्या मधोमध वाळूचा आणि विटांचा एक ढिगारा आहे. त्यातून नवीन सभागृह होणार होतं. मी नोकरीला लागायच्या आधीपासून ते होणार आहे. आता ढिगाऱ्यावर एक झाड उगवलंय आणि शाळेनं ते वृक्षारोपणात दाखवलंय, त्यामुळे ढिगारा हलवायचा म्हणजे वृक्षतोड. उरला ढिगाऱ्याभोवतीचा पट्टा. त्या पट्ट्यातून गोल गोल फिरायचं, हीच आमची कवायत.

आता गोलच फिरायचं तर कधी इकडून फिरावं, कधी तिकडून. पण पट्ट्याला लागून ग्रंथालयाची खिडकी आहे, आणि खिडकीत ग्रंथपालबाई आहेत. पहिल्याच दिवशी त्या खिडकीतून म्हणाल्या, “सर, तुमचे ड्रम माझ्या कानाशी आले तर मी राजीनामा देईन. आणि जाताना कपाटांच्या किल्ल्या घेऊन जाईन.”

म्हणून मी ड्रमवाले डावीकडे ठेवले, ढिगाऱ्याच्या बाजूला. बासरीवाले उजवीकडे, बाईंच्या बाजूला. आणि सगळा बँड कायम डावीकडे वळत राहिला. फिरवला असता उलटा, तर ड्रम बाईंच्या मांडीवर गेले असते.

इथं थोडं शास्त्र सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावर आहे. रांगेनं चालणारा बँड डावीकडे वळतो तेव्हा डावीकडची मुलं जागच्या जागी मुंगीची पावलं टाकतात आणि उजवीकडची मुलं डबकं ओलांडल्यासारख्या ढांगा टाकतात. तेव्हाच रांग सरळ राहते. आमच्या मुलांनी वर्षानुवर्षं हेच केलं. ड्रमवाल्यांच्या हाडात मुंगी शिरली होती. बासरीवाली मुलं दुकानात सुद्धा उंटासारखी चालत जायची. त्यांच्या पालकांनी माझ्याकडे तक्रार केली होती. मी म्हटलं, वाढीचं वय आहे.

तर असं सगळं सुखात चालू असताना विद्यापीठाचं आमंत्रण आलं.

विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो. त्या दिवशी कुलगुरू उघड्या मोटारीत, प्राध्यापक झग्यात, आणि विद्यार्थी जमेल तसे, अशी मिरवणूक निघते. पुढे दरवर्षी कुठल्या तरी शाळेचा बँड असतो. यंदा आमचा. विद्यापीठाला स्वतःचा मोठा बँड असताना दरवर्षी शाळेचा बँड कशाला लागतो, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मान मिळाला की माणसाला प्रश्न पडत नाहीत.

शिवाय विद्यापीठाचे बँडमास्तर निवृत्त होत होते. संगीत विभागाच्या प्रमुखबाई मला फोनवर म्हणाल्या, “मिरवणुकीत तुमचं काम बघते. मग त्या जागेबद्दल बोलू.”

मी घरी आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला.

“म्हणजे कायमची नोकरी?”

“काम आवडलं तर.”

“मग लोकांना काय सांगायचं?”

“विद्यापीठात बँड शिकवतो म्हणून सांग.”

“विद्यापीठात आहे, एवढं पुरे,” आई म्हणाली. “पुढचं आपण होऊन सांगायची गरज नाही.”

आईला दोष देत नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. इमारतीचे चिटणीस, सेवानिवृत्त, आणि दुसऱ्यांच्या नोकरीबद्दल अतिशय सेवाभावी. जिन्यात भेटले की न चुकता विचारतात, “काय मास्तर, बँड ठीक आहे, पण दिवसा काय करता?” मी दिवसाच बँड करतो. हे मी त्यांना बऱ्याचदा सांगितलंय. ते दर वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, “होईल, होईल, काहीतरी होईल.”

तेव्हा माझं काय पणाला लागलं होतं ते लक्षात घ्या. नोकरी तर होतीच. पण अण्णांचा तो हात कायमचा खांद्यावरून उतरणार होता.

मिरवणुकीचा मार्ग मी मुलांना फळ्यावर काढून दाखवला. शाळेच्या फाटकातून निघायचं, सरळ मोठ्या चौकापर्यंत, तिथून वळलं की समोर विद्यापीठ. आमच्या बँडच्या पुढे दंड घेऊन चालते त्या मुलीला सगळे कप्तान म्हणतात. ती कमी बोलते. तिनं फळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“सर, हा रस्ता उजवीकडे वळतो.”

“मग?”

“आपण वळत नाही.”

मी हसलो. मग मैदानात जाऊन, ग्रंथपालबाई जेवायला गेल्याचा मोका साधून, उजवीकडे वळायचा हुकूम दिला. ड्रमवाले आता बाहेरच्या बाजूला होते, तरी मुंगीच्या पावलानं जागच्या जागी फिरू लागले. बासरीवाले आतल्या बाजूला, तरी उंटाच्या ढांगा टाकत निघाले. बँड छत्रीसारखा मिटला. आत कुठेतरी ट्युबा, म्हणजे ते अंगाभोवती घ्यायचं भलंमोठं पितळी वाद्य, होता. त्याचा आवाज येत राहिला, पण वाजवणारा बराच वेळ सापडला नाही.

एवढ्यात बाई डबा विसरल्या म्हणून परत आल्या. पुढचं लिहीत नाही. कपाटांच्या किल्ल्या परत मिळाल्या, एवढंच सांगतो.

मैदान गेलं. मुख्याध्यापक म्हणाले, रस्त्यावर सराव करायचा तर वाहतूक कार्यालयाची परवानगी आणा. वाहतूक कार्यालयातले साहेब म्हणाले, वाजवत रस्त्यानं जाणं म्हणजे मिरवणूक, आणि मिरवणुकीचा सराव ही दुसरी मिरवणूक, तिचा वर्धापनदिन कोणता?

मी म्हटलं, “मग मूळ मार्गच बदलून द्या ना. चौकात डावीकडे वळू.”

“डावीकडे कत्तलखाना आहे.”

“पण आम्हाला उजवीकडे वळता येत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “मार्ग बदलायला तीन कारणं चालतात. रस्ता खचला, झाड पडलं, किंवा मोठे पाहुणे येणार. येत नाही, हे कारण आमच्याकडे नाही.”

“समजा, मी ढिगाऱ्यावरचं झाड…” मी सुरुवात केली. पण पाडायचं झाड रस्त्यातलं असावं लागतं.

मग सल्ले सुरू झाले. आपली अडचण आपण एकाला सांगतो. ती बाकीच्यांना कशी कळते हे एक कोडंच आहे. न्हाव्यानं केस कापता कापता सांगितलं, दोन बँड ठेवा, एक डाव्या वळणाचा, एक उजव्या. तळमजल्यावर गणिताची शिकवणी घेणाऱ्या काकू म्हणाल्या, “सोपं आहे. बँड उलटा चालव. पाठ पुढे केली की डावं ते उजवं.” हे मला पटलं, यावरून माझी तेव्हाची मनःस्थिती ओळखावी. आम्ही वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उलटं चालून पाहिलं. व्हरांड्याच्या शेवटी पायऱ्या आहेत. झांजांचा तो आवाज मुख्याध्यापकांना फार आवडला. ते म्हणाले, हा तुकडा ठेवा.

शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. “आपली गच्ची घ्या,” ते म्हणाले. मला गहिवरून आलं. “फक्त अटी आहेत. वाद्यं नकोत. शिट्टी नको, माझ्या डोक्यात जाते. आणि बूट नकोत, खाली माझं छत आहे.”

असा आमचा बँड रोज शाळा सुटल्यावर आमच्या गच्चीवर, पायमोज्यात, हवेत हात धरून, अगदी निःशब्द कवायत करू लागला. समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. आता अडचण अशी की शिट्टी नाही, हुकूम नाही, तर मुलांनी वळायचं कधी? मी हातवारे करून थकलो. बँड पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळत राहिला.

तेवढ्यात आई चादर वाळत घालायला वर आली. निळी, मोठ्या पांढऱ्या फुलांची, तिची सगळ्यात लाडकी चादर. तिनं ती टाकीच्या अलीकडे दोरीवर घातली आणि मुलांकडे वळून म्हणाली, “हे बघा, चादरीला कुणाचं बोट जरी लागलं ना, तर तुमच्या सरांसकट सगळ्यांना धुवायला लावीन.”

पुढच्या फेरीला बँड चादरीपाशी आला. कप्तान तिच्यापुढे पोचली, थबकली, आणि गर्रकन उजवीकडे वळली. तिच्यामागे ड्रमवाले जिवाच्या भीतीनं लांब ढांगा टाकत वळले. बासरीवाल्यांनी अंग चोरून मुंगीची पावलं टाकली. रांग पट्टीनं आखल्यासारखी सरळ. वर्षानुवर्षांच्या शास्त्रानं जे जमलं नाही ते आईच्या एका वाक्यानं झालं. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा तसंच. चादर काढून पाहिली, बँड टाकीवर.

म्हणजे निदान पक्कं झालं. आमचा बँड शिट्टीवर डावीकडे वळतो आणि चादरीवर उजवीकडे.

“मग त्यात काय,” आई म्हणाली, “त्या दिवशी मी चौकात चादर धरून उभी राहीन. तू विद्यापीठात लागतोयस ना?”

मिरवणुकीच्या दिवशी आई वेळेआधी चौकात जाऊन दोन्ही हातांनी चादर ताणून उभी राहिली. मिरवणूक मात्र कुलगुरूंच्या मोटारीसाठी खोळंबली होती. नुसतीच चादर धरून उभी असलेली बाई पाहून चौकातला वाहतूक पोलीस जवळ आला. हे मला आईकडून नंतर कळलं.

“मावशी, मागणी काय आहे तुमची?”

“कसली मागणी?”

“चादरीवर काही लिहिलेलं दिसत नाही.”

“फुलं आहेत की.”

“फुलांची मागणी असली तरी परवानगी लागते. चौकात उभं राहता येणार नाही.”

“माझ्या मुलाचा बँड येतोय. मी नसले तर तो वळणार नाही.”

पोलीस मवाळपणे म्हणाला, “मावशी, मुलं मोठी झाली की कुणाचंच ऐकून वळत नाहीत. घरी जा.” आणि तो तिला हाताला धरून बाजूला नेत असताना चादर गटाराच्या कडेला घासली. आता माझ्या आईला तुम्ही काहीही बोला, पण चादर मळली की संपलं. ती तडक घरी गेली, चादर पिळून काढली, आणि ताठ मानेनं आमच्या इमारतीच्या फाटकालगत कुंपणाच्या भिंतीवर वाळत टाकली.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी बँडच्या बाजूनं, शिट्टी गळ्यात घालून, विद्यापीठाच्या माणसासारखा चालत होतो. मागे प्रमुखबाई, त्यांच्या मागे उघड्या मोटारीत उभे राहून हात हलवणारे कुलगुरू, त्यांच्या मागे झगेच झगे. चौक आला. चादर दिसेना.

कप्ताननं मान न वळवता विचारलं, “सर?”

अशा वेळी माणसाची बुद्धी फार वेगानं चालते. चांगली चालते असं नाही. मला आठवलं, चौक ओलांडून तीनदा डावीकडे वळलं की आपण त्याच चौकात, हव्या त्या दिशेला तोंड करून येतो. तीन डावी म्हणजे एक उजवं.

“सरळ!” मी म्हटलं.

उजवीकडचा रस्ता मोकळा करून पोलीस हात पसरून उभा होता. त्याच्यासमोरून बँड सरळ गेला, कुलगुरू सरळ गेले, अख्खं विद्यापीठ सरळ गेलं. मिरवणुकीचं असं असतं की ती बँडच्या मागे जाते. कुठे जायचं हा प्रश्न पुढच्यांवर सोपवूनच लोक मिरवणुकीत येतात.

पहिलं डावं वळण सुरेख झालं. हा आमच्याच घराचा रस्ता. बाल्कन्यांतून लोक टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, जमलं. तोच समोर, आमच्या फाटकाशी, मोठी पांढरी फुलं.

मी शिट्टी तोंडात घालेपर्यंत कप्तान वळलीसुद्धा होती. माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत देखणं उजवं वळण ते. ड्रमवाल्यांच्या ढांगा काय, बासरीवाल्यांचं अंग चोरणं काय! चादरीला वाऱ्याचाही धक्का न लावता बँड आमच्या आवारात शिरला. मागोमाग प्रमुखबाई, कुलगुरूंची मोटार, आणि सगळं विद्यापीठ.

आमच्या आवारात मधे इमारत आणि भोवती गाड्या लावायचा पट्टा आहे. मुलांनी ते पाहिलं आणि त्यांचे चेहरे उजळले. ढिगारा आणि पट्टा! माहेर! डावीकडे वळत, इमारतीला वळसा घालत, ती खणखणीत वाजवत निघाली. फेरी पुरी करून फाटकाशी आलो तर मिरवणुकीची शेपूट अजून आत येत होती. थांबायला जागा नव्हती. मी डावीकडची शिट्टी दिली. दुसऱ्या फेरीला शेपूट आत आली होती, फाटक मोकळं होतं, पण ते आमच्या उजव्या हाताला होतं, आणि चादर भिंतीवर, बाहेरच्या बाजूला.

आई पहिल्या मजल्याच्या खिडकीत होती. मी चालता चालता ओरडलो, “आई, चादर आत धर!”

उत्तर ऐकू येईपर्यंत आम्ही कोपऱ्यावरून वळलो होतो. पुढच्या फेरीला ती म्हणाली, “ओली आहे!”

“ओलीच धर!” वळलो.

“सकाळी धरली तर हाकलून दिलं मला!” पुढची फेरी. “मला काही मान आहे की नाही?”

“आहे, आहे!” वळलो.

“नुसतं आहे म्हणून काय उपयोग!”

मधल्या वेळात वरच्या बाल्कनीत अण्णा आले होते. आपल्या बाल्कनीखालून कुलगुरू हात हलवत जातायत हे पाहून त्यांनी सदऱ्याची बटणं लावली आणि सलाम ठोकला. कुलगुरूंनी परत केला. प्रत्येक फेरीला दोघं एकमेकांना सलाम करत होते. हळूहळू ओळख वाढली. शेवटी शेवटी कुलगुरू वर बघून विचारत होते, “कोणता मजला?” आणि अण्णा सांगत होते, “वरचाच, पण पाणी चांगलं येतं.”

ट्युबावाल्याचा रंग मात्र जांभळा होत चालला होता. कप्तान, जी कधी बोलत नाही, ती खिडकीखाली आल्यावर मान वर करून म्हणाली, “काकू, प्लीज. ट्युबा पडेल.”

पोटच्या मुलाच्या नोकरीनं जे झालं नाही ते दुसऱ्याच्या मुलाच्या दमण्यानं झालं. पुढच्या फेरीला आई फाटकात उभी होती, ओली चादर दोन्ही हातांनी ताणून, नाकाचा शेंडा लाल. बँड तिच्यापुढे आला, आणि लोण्यात सुरी फिरावी तसा उजवीकडे वळून बाहेर पडला. त्याच्यामागे लोकरीचा गुंडा उलगडावा तसं विद्यापीठ आवारातून उलगडत गेलं.

पुढचा रस्ता आईनंच काढला. ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. उजवीकडे वळायचं असलं की चार पावलं धावून चादर धरायची. डावीकडे असलं की माझी शिट्टी. पुन्हा चौक आला. सकाळचाच पोलीस. त्यानं आधी आईला पाहिलं, मग तिच्या मागचा बँड, मग कुलगुरूंची मोटार. त्यानं चारी बाजूंची वाहनं थांबवली आणि चादरीला सलाम केला. आईनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण चादर जरा उंच धरली.

विद्यापीठाच्या मैदानात पोचल्यावर प्रमुखबाई माझ्याकडे आल्या. मी नोकरीवर मनातल्या मनात पाणी सोडलं होतं.

“ते उजवं वळण,” त्या म्हणाल्या. “मुलांच्या चेहऱ्यावर काय तो भाव होता! ही पद्धत कोणाची?”

“आईची,” मी म्हटलं.

“आमच्या मास्तरांना नाही जमलं हे. आमचं मैदान लांबलचक आहे. बँड या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, मग मुलं वाद्यं खाली ठेवून चालत परत येतात. आमच्या बँडला कुठेच वळता येत नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “म्हणून तर दरवर्षी शाळेचा बँड बोलावतो. तुमचा निदान दोन्हीकडे वळतो. कधी येताय?”

अशा रीतीनं मी विद्यापीठात आहे. (पुढचं आपण होऊन सांगत नाही.) अण्णा आता जिन्यात खांद्यावर हात ठेवत नाहीत, कुलगुरूंची तब्येत विचारतात. पहिल्या दिवशी मी तिथल्या मुलांना वळायला सांगितलं. ती दाढ्या-मिशांची मोठी मुलं सरळ चालत गेली, मैदानाच्या भिंतीपाशी पोचली, आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून वाजवत राहिली. शिट्टीला त्यांनी दादच दिली नाही.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती उठली, कपाट उघडलं, निळी चादर इस्त्री करून ठेवलेली होती ती काढली, आणि तिच्याखाली हात घालून चाचपडत म्हणाली,

“उजवीकडे ही झाली. डावीकडे कुठली देऊ, पिवळी चालेल?”